तानीच्या वेलाची चाल

झिजलेला नाल हातात आला की मी आजही तो उजेडाकडे धरून बघतो. भोरच्या बाजारात मोडीच्या ढिगात असा एखादा निघतो. दुकानदार विचारतो, "चाचा, उंबऱ्याला ठोकायचा का?" मी नाही म्हणतो आणि नाल परत ढिगात टाकतो. मला तो कुठंच ठोकायचा नसतो. ज्याच्या पायात तो होता ते जनावर कसं चालत होतं, एवढंच बघायचं असतं.

मी नालबंद. आमच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा. घरात नमाज अरबीत आणि बाकी सगळं मराठीत. माझं शिक्षण मराठी चौथी, त्यामुळे हे लिहिताना अक्षर बरं आहे आणि शुद्धलेखन संपादकांच्या हवाली आहे. आता पुतण्या बैलांच्या खुरांना पत्र्या मारतो. घोड्याचा नाल ठोकायला शेवटचं कोण आलं होतं, तेही त्याला आठवत नाही.

बाहेरच्याला वाटतं, नालबंद म्हणजे लोखंड ठोकणारा. लोखंड ठोकणं हा यातला सोपा भाग. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखासारखा. बाहेरची कड निर्जीव, आत जिवंत मांस. खिळा त्या निर्जीव कडेतून वर चढून बाहेर निघाला पाहिजे. गव्हाच्या दाण्याएवढा आत वळला तर घोडा लंगडतो, फारच बाहेर राहिला तर चार दिवसांत नाल गळून पडतो. वडील म्हणायचे, "खिळा डोळ्यांनी नाही, कानांनी ठोकावा." जिवंत भागाजवळ गेला की हातोडीचा आवाज बसका होतो. तो आवाज ओळखायला मला दोन वर्षं लागली.

खरी विद्या मात्र जुना नाल काढताना असते. नालाची पुढची कड झिजली असेल तर घोडा पाय ओढतो. बाहेरची बाजू झिजली असेल तर तो पाय फेकत चालतो. एकाच पायाचा नाल नवा राहिला असेल तर त्या खांद्यात दुखणं आहे. किकवीच्या एका पाटलांच्या घोड्याचे नाल मी एकदा काढले आणि सहज बोलून गेलो की याला टांग्याला जुंपता वाटतं. पाटलांना पत्ताच नव्हता. गडी परस्पर घोडा भाड्यानं देत होता. त्याची चाकरी गेली आणि पुढं सहा महिने तो रस्त्यात दिसला की मी गल्ली बदलायचो. तेव्हापासून नाल काय सांगतो ते कुणी विचारल्याशिवाय मी सांगितलं नाही.

वडिलांचे गुडघे गेले तेव्हा वेल्ह्याकडची फेरी माझ्याकडे आली. संस्थानचे दिवस होते. पक्का रस्ता थोडा आणि पायवाटा फार. डोंगरातल्या वाड्यांवर मीठ, रॉकेल, कापड सगळं तट्टांवरून जायचं. महिन्या-दीड महिन्यानं मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून नसरापूर करत मार्गासनीला पोचायचो, आणि तिथून वर वाडीवर सारजाबाईंकडे.

सारजाबाई तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. ओढ्याकाठी भाताचं एक खाचर, वर डोंगराला नाचणी, आणि दारात दोन लहान घोड्या. लहान म्हणजे अगदीच लहान. घोडं मुठींनी मोजतात. फौजेतला घोडा पंधरा मुठी भरतो. या दोघी जेमतेम अकरा. मोठ्या माणसानं मांड टाकली की त्याचे पाय जमिनीपासून हातभरच वर राहायचे. दोघी बहिणी. थोरलीचं नाव चिमणी, धाकटीचं बकुळा. बकुळा तेव्हा नुकती माणसाखाली आली होती. रंग तांबूस, आयाळ काळी, कपाळावर काहीच नाही. बाजारात उभी केली तर कुणी वळून बघितलं नसतं.

मी तिचे नाल काढले आणि चारही उन्हात धरले. चारही सारखे झिजलेले. पुढं-मागं, आत-बाहेर काही फरक नाही. कुणीतरी कानशीनं घासून काढल्यासारखे.

"मावशी," मी म्हणालो, "ही चालती, का नुसती दारात उभी आसती?"

त्या मी नवे नाल ठोकेपर्यंत थांबल्या. मग घरात जाऊन सुपात तांदूळ घेऊन आल्या, घोडीवर एका अंगानं बसल्या, आणि तांदळातले खडे निवडत खाचराच्या बांधापर्यंत जाऊन परत आल्या. घोडी काही रमतगमत चालत नव्हती, मी बरोबर पळत होतो. सुपातला एक दाणा खाली पडला नाही.

या चालीला रवाल म्हणतात. साध्या घोड्याची दुडकी चाल अशी की उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय एकदम पडतो, त्यानं बसणारा वरखाली आपटतो. रवाल चालीत एका अंगाचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर उचलले जातात, मग दुसऱ्या अंगाचे. पाठ हलत नाही. कुठल्याही घोड्याला चाबूकस्वार बडवून, पायांना दोऱ्या बांधून ही चाल थोडीफार शिकवतात. या घोड्यांना कुणी शिकवली नव्हती. शिंगरू आईच्या मागं चालायला लागलं की तसंच चालायचं.

"बकुळा मैनेची," सारजामावशींनी सांगितलं. "मैना गोदीची. गोदी तानीची. तानी माज्या आजेसासूनं माहेरातनं आणल्याली. तवापासनं आमच्यात सासू सुनंला वेल सांगती. बापाचं नाव कुणी इचारत न्हाई, पर बाप चालीचाच बघून करायचा."

मावशींना सून नव्हती. तो वेल त्यांनी त्या दिवशी मला सांगितला. पुढच्या फेरीला परत म्हणून दाखवायला लावला.

त्या काळी बकुळाला हसणारे पुष्कळ होते. त्यातले एक देवी टोचणारे डॉक्टर. लस काचेच्या नळ्यांत यायची आणि डोंगरातल्या तट्टांवर आपटून अर्ध्या नळ्या वाटेतच फुटायच्या. कुणीतरी त्यांना मावशींची घोडी सुचवली. डॉक्टर अंगानं उंच. बकुळाकडे बघून म्हणाले, "हिच्यावर मी बसू? लोक म्हणतील डॉक्टर शेळीवरून आले." शेवटी त्यांनी लसीची पेटी घोडीवर ठेवली आणि आपण मागून चालत गेले. चार गावं झाली, नळी एकही फुटली नाही. पाचव्या गावाला पाय दुखायला लागले तेव्हा पेटी मांडीवर घेऊन स्वतः बसले. पुढं दर हिवाळ्यात ते आधी मावशींकडे निरोप धाडायचे आणि मग दौरा ठरवायचे. शेळीचं नाव पुन्हा काढलं नाही.

माझं या घोडीशी नातं जडलं ते माझ्या बायकोमुळे. जैनबचं माहेर मार्गासनीच्या पलीकडे. पहिल्या बाळंतपणाला ती तिकडे गेली होती. सातव्या महिन्यात एका सकाळी तिच्या अंगावरून जायला लागलं. मी फेरीवर होतो म्हणून नशिबानं तिथंच होतो. सुईण म्हणाली, "हे माज्या हातचं न्हाई. भोरच्या दवाखान्यात न्या, आन आपटू नगा."

आपटू नका म्हणणं सोपं होतं. लावणीचे दिवस, सगळी माणसं चिखलात. डोली उचलायला चार गडी हवेत आणि वाटेत बदलायला आणखी चार. बैलगाडी म्हणजे दगडांवरून आपटणंच. मी मावशींच्या खाचराकडे पळत गेलो. त्या लावणी करत होत्या. मी पुरतं बोललोही नव्हतो, तेवढ्यात त्यांनी हातातली रोपं तिथंच खोचली, चिखलाच्या पायांनी वर आल्या आणि बकुळाला सोडलं.

"गोधडी घाल पाठीवर, खोगीर नगं," एवढंच म्हणाल्या. मी लगाम धरीन म्हणालो तर म्हणाल्या, "लगाम ऱ्हाऊ दे. तू बायकोला धर."

सारजामावशी पुढं, जैनब घोडीवर, मी बाजूनं तिच्या कमरेला हात लावून. पाऊस बारीक होता. नसरापूरपर्यंत जैनब डोळे मिटून होती. मी दर थोड्या वेळानं विचारायचो, "लई दुखतंय का?" एकदा ती चिडून म्हणाली, "तुमी बोलू नका. तुमी बोललात की मला जाग येते." तिला झोप लागत होती. रक्त जाणारी बाई घोड्यावर झोपत होती. दुपार कलायच्या आत आम्ही भोरला पोचलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पंधरा दिवस निजवून ठेवलं, रक्त थांबलं, आणि दोन महिन्यांनी मुलगी झाली. ती आज साताऱ्याला शाळेत शिकवते.

मावशी त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरही बसल्या नाहीत. "लावनी ऱ्हायलीया," म्हणाल्या आणि वळल्या.

एवढं सांगितल्यावर पुढचं लिहायला हात जड होतो, पण ते लिहिण्यासाठीच बसलो आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तसे आमच्या भागातले वळू घोडे संपत गेले. फौजेला डोंगरात सामान वाहायला खेचरं हवी होती. खेचर म्हणजे घोडीला गाढवापासून झालेलं. ताकदीला चांगलं आणि खपही चांगला, म्हणून जो तो आपली घोडी गाढवाकडे न्यायला लागला. पण खेचराला पुढं पिल्लू होत नाही. ज्या घोडीला खेचर झालं, तिचा वेल तिथं थांबला. वळू घोडा पाळायला खर्च आणि कटकट. लोकांनी होते तेवढे खच्ची करून घेतले. हे कामही नालबंदाकडेच यायचं. म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा मीही होतोच.

मावशींनी बकुळाला गाढवाकडे नेलं नाही. आधी एकदा एका इनामदारांच्या देखण्या उंच घोड्याकडे नेली होती. शिंगरू झालं, बापासारखं उंच आणि डौलदार. चालायला लागलं तेव्हा चाल दुडकी. मावशी दोन महिने बघत राहिल्या. "उंची बापाची आली," म्हणाल्या, "चाल कुनाचीच न्हाई आली." ते इनामदारांनाच देऊन टाकलं. तेव्हा कळलं की आई एकटी पुरत नाही, बापही त्याच चालीचा लागतो.

तसा एक मिळाला होता. एक फिरता गोसावी ठेंगणा रवाल घोडा घेऊन एका पावसाळ्यात वाडीवर मुक्कामाला राहिला. बकुळा तेव्हा इनामदारांच्या घोड्याकडून गाभण होती, म्हणून त्याच्यापासून चिमणीला शिंगरू झालं, नर. गोसावी पुन्हा दिसला नाही. चिमणी पोटशुळानं वर्षभरात गेली. राहिलं ते शिंगरू, त्याचं नाव भोवरा. अंगानं लहान, पायानं अस्सल. मावशींनी मनात ठरवून ठेवलं, हा मोठा झाला की बकुळाला हाच.

मी थट्टेनं म्हणालो, "मावशी, बकुळा त्याची मावशी लागती की."

"घोड्यांत कुठं सोयरीक बघत्यात," त्या म्हणाल्या. "चाल चालीला मिळाली म्हंजे झालं."

पण वयात येणारा नर आणि घोडी एका दारात बांधता येत नाहीत. मावशींकडे दुसरी जागा नव्हती, आणि घोड्याला काम नसेल तर तो बिघडतो. मीच तोड काढली. भोंगवलीचा दशरथ माझ्या ओळखीचा. बाजारोबाजार मिरची-मसाल्याचं दुकान मांडायचा. माणूस कामसू, जनावराला मारत नसे. मी त्याला वाडीवर घेऊन आलो. मावशींनी भोवऱ्याची दोरी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घोडा तुजा. वेल माजा. तीन वर्सांनी म्या बोलावीन तवा आनायचा. मदी काय बी करायचं आसंल तर आदी मला इचारायचं."

दशरथनं दोरी कपाळाला लावली. "शब्द हाय, मावशी."

तिसऱ्या वर्षी, दसरा होऊन गेल्यावर भोवऱ्याला बोलवायचं ठरलं होतं. श्रावणात किकवीच्या बाजारात तो टांग्याच्या घोडीमागं सुटला. कुंभारणीची मडकी तुडवली आणि तिचा हात मोडला. लोक दशरथच्या अंगावर गेले, आणि हा घोडा कुणी दिला म्हणून माझंही नाव निघालं. दुसरा दिवसभर दशरथ भोरच्या कचेरीत जबाब द्यायला बसून होता, ते मी जाता-येता बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भोवऱ्याला घेऊन नदीकाठी, माझ्या कामाच्या जागी उभा राहिला.

"करून टाका," तो म्हणाला. "खच्ची करा. पुन्यांदा आसं झालं तर लोक मला बाजारात बसू देनार न्हाईत."

मी विचारलं, "मावशींना विचारलंस?"

तो भोवऱ्याच्या आयाळीकडे बघत म्हणाला, "व्हय. इचारलंय. कर म्हनल्या."

परवा किकवीत प्रकार झाला. काल तो दिवसभर कचेरीत. मार्गासनीला जाऊन यायला एक दिवस पुरा लागतो. तो गेला नव्हता हे मला माझ्या हाताच्या रेषांइतकं स्पष्ट दिसत होतं. मला फक्त म्हणायचं होतं, आठ दिवसांनी ये. तीन शब्द. मी ते म्हणालो नाही. त्या कुंभारणीच्या हाताचा बोल माझ्यावरही आला होता आणि तो मला अंगावरून झटकायचा होता. दशरथ व्हय म्हणाला, ते मला सोयीचं पडलं. घोडा पाडायला दोघंजण बोलावले. काम नीट झालं. माझं काम नेहमी नीटच व्हायचं.

पंधरवड्यानं भोवरा बरा होऊन माझ्या दारावरून गेला. पाठीवर मिरच्यांची दोन पोती. चाल तीच होती. तांदूळ निवडावेत अशी. मी दारात उभा राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघितलं.

जैनबनं मला तसं उभं राहिलेलं बघितलं. मी तिला सगळं सांगितलं. ती धुणं पिळत होती. पिळता पिळता थांबून म्हणाली, "माझ्या वेळेला मावशींनी कुणाला विचारलं होतं?" आणि मग, "आजच जा."

मी गेलो. वाटेत काय बोलायचं ते जुळवत गेलो. मावशी ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही, पण नाचणी सुपाबाहेर पडायला लागली.

"तू त्याला इचारलंस?"

"विचारलं. तो म्हणाला, मावशीला विचारलंय."

"आन तुला ते खरं वाटलं?"

मी वाटेत या प्रश्नाला एक उत्तर जुळवून ठेवलं होतं. ते टाकून दिलं. "न्हाई, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी सूप खाली ठेवलं. सांडलेली नाचणी ओंजळीनं परत त्यात भरली. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "आत ताक हाय, घे. आन बकुळाचा डावा मागला नाल वाजतोय, तेवढा बघ."

मी नाल बघितला. खिळा बसवताना मला हातोडीचा आवाज ऐकू येत नव्हता. दोनदा काढून पुन्हा ठोकला.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही दोघं घोडा शोधत हिंडलो. मावशी आता पन्नाशी ओलांडलेल्या, पण चालायला माझ्या पुढं. नसरापूरचा बाजार, किकवीचा बाजार, पुरंदरच्या अंगाची गावं. कुठं ठेंगणा नर आहे असं कळलं की आम्ही जायचो. मी त्याचे पाय उचलून नाल बघायचो आणि मावशींकडे बघून मान हलवायचो. मालक विचारायचे, काय शोधताय? मावशी म्हणायच्या, "सोयरीक."

एकदा शिरवळला एका तांबोळ्याच्या घोड्याचा पाय उचलला. नाल चारही कडांनी सारखा. दुसरा पाय उचलला, तोही तसाच. लहान चण, काळी आयाळ. मी मावशींना हाक मारली. त्या धावत आल्या. तांबोळ्यानं घोडा चालवून दाखवला आणि मावशींनी पदर तोंडाला लावला. हुबेहूब मैना, म्हणाल्या. मग मी वाकून बघितलं. घोडा खच्ची केलेला होता. चांगलं जुनं, सफाईदार काम.

परतीच्या वाटेवर आम्ही कोस-दीड कोस चाललो. मग मावशी आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तुज्यासारकाच कुनीतरी आसंल. त्याला बी कुनी तरी व्हय म्हनलं आसंल." त्यात टोचणं नव्हतं. म्हणूनच ते वाक्य आजवर मनातून निघालेलं नाही.

पुढं बकुळाचं वय झालं. शोधण्यात अर्थ उरला नाही आणि आम्ही शोधणं बंद केलं, पण मी फेरीवर दिसेल त्या लहान घोड्याचा पाय उचलत राहिलो. संस्थान विलीन झालं त्या सुमारास नसरापूरपर्यंत मोटारी नेमानं यायला लागल्या. वाड्यांवरची तट्टं एकेक करून गेली. माझी फेरी दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी व्हायला लागली. शेवटी एका वाडीसाठीच जायचो.

एका हिवाळ्यात मावशींनी निरोप पाठवला की येऊन बकुळाचे नाल काढून जा, परत ठोकू नको. बकुळाच्या डोळ्यांवर खोल खळगे पडले होते, आयाळीत पांढरे केस. मी तिचे चारही नाल काढले. बघायला उन्हात धरले नाहीत, सरळ पिशवीत टाकले. खूर कडेनं गोल करून दिले, म्हणजे अनवाणी चालताना तुकडे पडत नाहीत. काम झालं आणि मी निघालो, तर मावशी म्हणाल्या, "बस."

मी ओट्यावर बसायला गेलो.

"तिथं न्हाई. हिच्यावर बस."

इतकी वर्षं मी या घोड्यांचे पाय हातात धरले, पण पाठीवर कधी बसलो नव्हतो. नालबंद दुसऱ्याच्या जनावरावर बसत नाही, तो आमच्यात शिरस्ता आहे. मी म्हणालो, "मावशी, म्हातारी झालीय ती. मी जड हाय."

"तू काय जड हाईस? हाडं तर हायेत नुसती. बांदापत्तुर जाऊन ये. सावकाश."

मी बसलो. पाय जमिनीपासून हातभरच वर होते. बकुळा दोन पावलं अडखळली, मग तिची चाल तिला सापडली. मला वाटलं होतं, पाण्यावर तरंगल्यासारखं काही वाटेल. तसं नव्हतं. खालून चारही पाय एकेक करून जमिनीला लागताना मला कळत होते, पण ते कळणं कमरेपर्यंत येऊन थांबत होतं. समोर राजगडाचा बालेकिल्ला होता. घोड्यावर बसलेल्याला डोंगर नेहमी वरखाली होताना दिसतो. बालेकिल्ला जागचा हलला नाही.

बांधापाशी तिला वळवलं आणि परत आलो. उतरलो तेव्हा माझे डोळे भरले होते आणि मावशी ते बघत होत्या. त्यांनी बकुळाच्या गळ्याखाली हात फिरवला.

"आमच्या घरातली बसल्याली समदी मेली," त्या म्हणाल्या. "म्या बी जाईन. तुजी बायकू झोपल्याली, डाक्टरचं ध्यान पेटीत. बगितल्याली मानसं लई हायेत, ती सांगतीलच, एक बारकी घोडी हुती म्हनून. पर बसल्यावर कसं वाटतं ते बसल्यालाच सांगनार. आता तू बसलास. तू सांगायचं."

मी म्हणालो, "सांगीन, मावशी."

"सांग बगू वेल."

मी उभा राहिलो तसाच, पिशवी खांद्याला, आणि म्हणालो, "बकुळा मैनेची. मैना गोदीची. गोदी तानीची." त्यांनी मान हलवली आणि बकुळाला घेऊन सावलीला गेल्या.